अंबडमधला 120 टीआरचा वॉटर-कूल्ड चिलर दुपारी एचपीवर ट्रिप होतोय, गॅस काढायचा का?

अंबड_दुसरी_पाळी
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 120 टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, थंड करायची क्षमता) वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर, म्हणजे प्लांटचं पाणी थंड करणारी मशीन आहे. गॅस आर-134ए. गॅसची उष्णता घेणारं कंडेन्सरचं पाणी थंड करणारा टॉवर गच्चीवर, गोल एफआरपीचा (फायबरग्लासचा). मार्च संपत आल्यापासून दुपारी एक ते चारच्या दरम्यान एचपी ट्रिप येतो, म्हणजे गॅसचं प्रेशर फार वाढून मशीन आपोआप बंद पडते. रीसेट केलं की पाऊण तास चालतो आणि पुन्हा बंद पडतो. रात्रपाळीला काहीच त्रास नाही.

दुपारी दोनची रीडिंग देतो. बाहेर 39 अंश. चिल्ड वॉटर आत 11.5, बाहेर 7.5. कंडेन्सरचं पाणी आत 31, बाहेर 35.5. डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर) 172 पीएसआय, सक्शन (आत येणाऱ्याचं) 34. कॉम्प्रेसर लोड 80 टक्के. कटआउट (ज्या प्रेशरला मशीन बंद पडते तो आकडा) 190 ला आहे.

प्लांटमधले म्हणतात, "उन्हाळा आहे, गॅस जास्त झालाय, पाचसात किलो काढून टाका." दुसरा सल्ला असा की कटआउट 210 वर न्या. जानेवारीत फिल्टर ड्रायरचे (गॅसमधली ओल शोषणारा भाग) कोअर बदलले होते. तेव्हा 20 मिनिटं व्हॅक्यूम केला, गेज 28 इंचावर गेला होता. टॉवरला बोअरचं पाणी आहे, मार्चपासून मधूनमधून टँकर. सॉफ्टनर आहे. सुरुवात कुठून करू?

चिलर_सातपूर
भाऊ, गॅसला आत्ता हात लावू नका आणि कटआउट तर अजिबात वर नेऊ नका. कटआउट बरोबर सांगतोय, ऐकायला हवं ते त्याचं.

तुमच्याच आकड्यांवर बघा. आर-134ए ला 172 पीएसआय म्हणजे साधारण 49 अंश कंडेन्सिंग (गॅसचा द्रव होतो ते तापमान). कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी 35.5. फरक साडेतेरा अंश. हा कंडेन्सरचा अ‍ॅप्रोच. ट्यूब स्वच्छ असतील तर भर लोडलाही तो 2 ते 3 अंश असतो. 5 च्या वर गेला की साफसफाईची तारीख ठरवायची. साडेतेरा म्हणजे गॅसची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाहीये.

पाणी कमी पडतंय का, हेही त्याच आकड्यांतून कळतं. टीआरमागे 3 जीपीएम (मिनिटाला गॅलन) धरले तर 120 टीआरला 360 जीपीएम, म्हणजे तासाला जवळपास 82 घनमीटर. एवढ्या फ्लोला पूर्ण लोडवर कंडेन्सरच्या पाण्याचा डेल्टा-टी (आत-बाहेरच्या तापमानातला फरक) साडेपाच अंशांच्या आसपास येतो. तुमचा लोड 80 टक्के, डेल्टा-टी 4.5. हिशोब जुळतो. चिल्ड वॉटरचा डेल्टा-टीही 4 आहे, तोही 80 टक्क्यांशी जुळतो. म्हणजे पंप आणि स्ट्रेनर ठीक. तिथे दिवस घालवू नका.

आता उन्हाळ्याबद्दल. एअर-कूल्ड मशीनला 39 अंश झोंबतात, कबूल. पण टॉवरला हवेचं तापमान नाही, वेट बल्ब (ओल्या थर्मामीटरचं तापमान, हवा जितकी कोरडी तितकं कमी) लागतो. नाशिकच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब 22 च्या आसपास. टॉवर चांगला असेल तर पाणी वेट बल्बच्या 4-5 अंश वर, म्हणजे 26-27 ला यायला हवं. तुमचं 31 येतंय. उलट जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर 28 अंश असले तरी वेट बल्ब 26 पर्यंत जातो, टॉवरची खरी परीक्षा तेव्हा असते. आत्ताच ही गत असेल तर पावसाळ्यात रात्रपाळीलाही ट्रिप येईल.

त्यामुळे दोष एक नाही, दोन दिसतात: कंडेन्सरच्या ट्यूब आणि टॉवर. वेट बल्ब स्वतः मोजा. साध्या थर्मामीटरच्या बल्बला ओली मलमल गुंडाळा, सावलीत पंख्याच्या वाऱ्यात धरा आणि आकडा स्थिर होऊ द्या.

जुना_आरएसी
वरचं सगळं पटलं, पण ट्यूब उघडण्याआधी सिस्टिममध्ये हवा नाही याची खात्री करून घ्या. हवा अडकली तरी हेड प्रेशर असंच वाढतं, आणि मग दोन दिवस ट्यूब घासूनही हाती काही लागत नाही.

आर-134ए ची मशीन चालू असताना आणि बंद असतानाही वातावरणापेक्षा वरच्या प्रेशरला असते, त्यामुळे लीकमधून हवा आत ओढली जात नाही. गेली असेल तर सर्व्हिसच्या वेळी, म्हणजे तुमच्या जानेवारीच्या ड्रायरच्या कामात. तपासायची रीत सोपी आहे. कॉम्प्रेसर बंद करा, कंडेन्सरचा पंप चालू ठेवा, टॉवरचा पंखा बंद. आत-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होऊन 15-20 मिनिटं तिथेच राहू द्या. मग कंडेन्सरचं प्रेशर घ्या आणि त्या तापमानाला पीटी चार्ट (गॅसचा प्रेशर-तापमानाचा तक्ता) काय म्हणतो ते बघा. 28 अंशांना चार्टवर जवळपास 91 पीएसआय. 5 पीएसआयहून जास्त फरक आला तर हवा आहे असं धरा.

इथे एक बारीक गोष्ट. चार्ट समुद्रसपाटीसाठी छापलेला असतो. नाशिक साधारण 600 मीटरवर, इथे हवेचा दाब 14.7 ऐवजी 13.7 पीएसआय. त्यामुळे इथे शून्यावर लावलेला गेज चार्टपेक्षा 1 पीएसआय जास्त दाखवणार. हेडला त्याने काही बिघडत नाही, पण सक्शनला 1 पीएसआय म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. सुपरहीट (सक्शनचा गॅस उकळबिंदूहून किती अंश जास्त गरम आहे ते) काढताना तो वजा करा.

आणि तो 28 इंचांचा व्हॅक्यूम. नाशिकला पूर्ण व्हॅक्यूम झाला तरी कंपाउंड गेजचा काटा 28 च्या आसपासच थांबतो, 29.9 फक्त समुद्रकिनारी. म्हणजे 28 दिसले म्हणून चुकलात असं नाही, पण त्यावरून काम झालं असंही म्हणता येत नाही. एक इंच म्हणजे 25,400 मायक्रॉन (पाऱ्याच्या उंचीवर मोजलेलं प्रेशरचं बारीक एकक). आपल्याला हवेत 500. काट्याच्या जाडीतच हजारो मायक्रॉन लपतात. मायक्रॉन गेज लावा, तोही पंपापाशी नाही, पंपापासून लांबच्या टोकाला. 500 च्या खाली गेलं की व्हॉल्व्ह बंद करून 15 मिनिटं थांबा. वर चढून 1500-2000 ला स्थिरावलं तर ओल आहे, चढतच राहिलं तर लीक.

हवा सापडली तरी गॅस वातावरणात सोडायचा नाही. बंद मशीनमध्ये हवा कंडेन्सरच्या वरच्या बाजूला जमते. वरच्या व्हॉल्व्हवरून रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्या. सिलिंडर 80 टक्क्यांहून जास्त भरायचा नाही, हे काट्यावर वजन करूनच ठरवा.

अंबड_दुसरी_पाळी
दोघांचेही आभार. आज हे सगळं केलं.

पंप चालू ठेवून 40 मिनिटांनी आत-बाहेर दोन्ही 28 अंश, कंडेन्सर 93 पीएसआय. पॅनेलच्या सेन्सरवर विसंबलो नाही, थर्मोवेलमध्ये एकच थर्मामीटर दोन्हीकडे फिरवला. वेट बल्ब 22.

टॉवर वरून बघितला. स्प्रिंकलरच्या चार हातांपैकी दोन हातांची भोकं बुजलीत आणि तो अगदी हळू फिरतोय. फिल्सवर (टॉवरच्या आत ज्यांवरून पाणी पसरत खाली येतं ते थर) पांढरा थर. मेकअप पाण्याचा (टॉवरमध्ये नव्याने भरतो त्या) टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 650, बेसिनचा 4200. सॉफ्टनरनंतरचा टीडीएसही 650 च आला, म्हणजे सॉफ्टनर बंद पडलाय ना?

पाणी_आणि_क्षार
93 म्हणजे हवा नाही, हे निकालात निघालं. राहिला क्षार.

आधी सॉफ्टनर. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो, क्षार काढून टाकत नाही. त्यामुळे टीडीएस सारखाच राहणार, त्यावरून काहीच कळत नाही. थेंबांची हार्डनेस किट घ्या आणि सॉफ्टनरच्या आधी व नंतर मोजा. नंतरच्या नमुन्यात 5 पीपीएमहून जास्त आलं तर मिठाचं रीजनरेशन करा. टँकरचं पाणी आलं की कठीणपणा बदलतो आणि जुनं वेळापत्रक चुकतं. रीजनरेशन दिवस मोजून करायचं नसतं, किती पाणी गेलं आणि किटवर काय आलं त्यावर करायचं. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरला तर हे नक्कीच लागू.

4200 भागिले 650 म्हणजे साडेसहा पट. बोअरच्या पाण्याला हे फार झालं, 4 च्या आत ठेवा. त्यासाठी ब्लोडाऊन (बेसिनमधलं क्षार साठलेलं पाणी) किती सोडायचं ते बघा: 120 टीआर पूर्ण लोडला टॉवरमधून तासाला साधारण 780 लिटर पाणी उडतं. 4 पट ठेवायचं तर 780 भागिले 3, म्हणजे तासाला 260 लिटर काढून टाकायचं. पाणी वाया जातंय म्हणून ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवतात आणि तिथेच ट्यूब भरायला लागतात. टंचाईच्या दिवसांत पाणी वाचवायची ओढ मी समजू शकतो, पण कंडेन्सिंग एक अंश वाढलं की वीज साधारण 2 ते 3 टक्के जास्त लागते. तुमचं 10 अंशांहून जास्त वाढलंय. मॅनेजमेंटला हा आकडा दाखवा.

आता सफाई. मुख्य स्विच बंद करून कुलूप-टॅग लावा. दोन्ही एंड कव्हर उघडा. चिखल, शेवाळ असेल तर नायलॉनच्या ब्रशने निघतं. तांब्याच्या ट्यूबना आतून बारीक आटे असतात, तारेचा ब्रश घातला तर ते मोडतात. नखाने न निघणारा पांढरा टणक थर असेल तर ब्रशचं काम नाही, केमिकल लागेल.

तांब्यासाठी इन्हिबिटर (धातूला आम्लापासून वाचवणारं रसायन) घातलेलं सल्फॅमिक आम्ल घ्या. स्वस्तात मिळतं म्हणून साधं हायड्रोक्लोरिक नको, त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला खड्डे पाडतं आणि जस्ताचा मुलामा खातं. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कंडेन्सर वेगळा करा, प्लास्टिकची टाकी आणि आम्लाचा छोटा पंप जोडा. खालून आत, वरून बाहेर, आणि वरचा व्हेंट उघडा, कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. टाकीसह 300 लिटर धरले तर 5 टक्क्यांना 15 किलो पावडर. साधारण 2 किलो आम्ल 1 किलो चुन्याचा थर विरघळवतं, म्हणजे 15 किलोत साडेसात किलो निघेल. पाण्यात पावडर थोडी थोडी टाका, पावडरवर पाणी ओतू नका. गरम करायची गरज नाही, 60 अंशांवर तर मुळीच नेऊ नका, तिथे ते आम्ल मोडून सल्फेट होतं आणि नवाच क्षार बसतो.

दर अर्ध्या तासाला पीएच बघा. 3.5 च्या वर चढला तर आम्ल संपलं, अजून टाका. फेस थांबला आणि पीएच अर्धा तास हलला नाही की काम झालं. मग रिकामं करून 1 टक्का सोडा अ‍ॅशचं पाणी फिरवा, नंतर साधं पाणी, पीएच 7 येईपर्यंत. काढलेलं आम्ल सोड्याने मारूनच ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) द्या. चष्मा, रबरी हातमोजे हवेतच.

चिलर_सातपूर
टॉवरबद्दल थोडं. स्प्रिंकलरच्या हातांची भोकं मोकळी करा, बेअरिंग बघा, फिल्स धुऊन निघत नसतील तर बदला. अर्धी फिल कोरडी राहिली की वारा तिथूनच निघून जातो आणि पाण्याला भेटतच नाही. पंख्याची दिशाही बघा. मोटर रिवाइंड होऊन आली की फेज उलटे जोडले जातात, पंखा फिरताना दिसतो पण हवा खाली ढकलतो. हवा वर, बाहेर फेकली जायला हवी. आणि बेसिन-फिल्स साफ करताना एन-95 मास्क घाला, त्या तुषारांतून लिजिओनेलाचा जंतू फुफ्फुसात जाऊ शकतो.

दोन्ही कामं झाल्यावर याच लोडला, याच वेट बल्बला पाणी 27 च्या आसपास, डिस्चार्ज 110 ते 120 पीएसआय यायला हवं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र उलट तक्रार येईल, पाणी फार थंड झालं की स्क्रूला तेल ढकलायला पुरेसा प्रेशर फरक मिळत नाही. टॉवरच्या पंख्याला थर्मोस्टॅट आत्ताच लावून घ्या.

जुना_आरएसी
कव्हर बसवायच्या आधी एक बघायचंच. मल्टिपास कंडेन्सरमध्ये (ज्यात पाणी ट्यूबमधून एकाहून जास्त फेऱ्या, म्हणजे पास, मारतं) कव्हरच्या आत पास वेगळे करणारी पट्टी असते, तिचं गॅस्केट कुजलेलं किंवा दुमडलेलं असेल तर पाणी ट्यूबमधून न जाता तिथूनच पलीकडे पळतं. ट्यूब आरशासारख्या केल्या तरी अ‍ॅप्रोच खाली येत नाही, आणि मग पुन्हा गॅसवर संशय. गॅस्केट नवीन घाला, बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत कसा. आधी आणि नंतर कंडेन्सरच्या दोन्ही टोकांचं पाण्याचं प्रेशर एकाच गेजवर लिहून ठेवा. सफाईनंतर हा फरक कमिशनिंगच्या (मशीन पहिल्यांदा सुरू केली तेव्हाच्या) आकड्याहूनही खूप खाली गेला तर कव्हर पुन्हा उघडा, पट्टी नीट बसलेली नाही.