आईच्या रिपोर्टात ‘जीनमध्ये बदल’ आहे. तो आम्हा मुलांनाही आलाय का?

वडाळ्याची_लेक
आई ६१ वर्षांची. विडी-सिगारेट सोडाच, तिने कधी मशेरीसुद्धा लावली नाही. लग्नाआधी पाटणजवळच्या गावी चुलीपुढे, लग्नानंतर वडाळ्यात तळमजल्यावर, खिडकीसमोर ट्रकची रांग. जाळी सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोटाला काळं लागतं. दिवाळीनंतर खोकला जाईना. थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी दोन महिने टीबीची औषधं झाली, मग सीटी, बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर, एडेनोकार्सिनोमा.

मार्करच्या रिपोर्टात ‘ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलिशन’ असं आलंय. डॉक्टर म्हणाले, “जीनमध्ये बदल सापडला, चांगलं झालं, गोळी चालेल.” चांगलं कसं, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आता घरात दोन तट. मामा म्हणतो, भाचीचं स्थळ बघतोय, ‘जीन’ हा शब्द बाहेर काढू नका. भाऊ म्हणतो, प्रदूषणाने जीन बदलतात, त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर तसं पाठवलंय. खरं काय? आम्ही दोघं भावंडं तपासून घ्यायची का?

निवांत_गडी
ताई, वाईट वाटलं. पण तीच हवा अख्खी मुंबई घेते, सगळ्यांना कुठे होतो? आमचे आजोबा विड्या ओढून नव्वदीपर्यंत जगले. हवेवर खापर फोडणं सोपं असतं.

मेणाचा_ब्लॉक
२२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवतात त्या मेणाच्या ब्लॉकचे पापुद्रे काढतोय. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात.

ईजीएफआर हा पेशीला वाढीचा हुकूम देणारा जीन. एक्झॉन १९ डिलिशन म्हणजे त्यातला एक तुकडा गळालाय, म्हणून हुकूम थांबत नाही. गोळी नेमका तोच हुकूम अडवते, म्हणून डॉक्टर ‘चांगलं’ म्हणाले.

आता मामांचं. हा बदल आईच्या गाठीतल्या पेशींमध्ये आहे. तो जन्मानंतर, फुप्फुसातल्या कुठल्यातरी एका पेशीत झालेला असतो, म्हणून मुलांत उतरत नाही. जन्मतःच ईजीएफआरचा दोष असलेली घराणी जगात आहेत, पण अगदी विरळा, आणि त्यांच्यातला नेहमीचा दोष म्हणजे टी७९०एम नावाचा याच जीनमधला वेगळा बदल, एक्झॉन १९ चा नव्हे. भाचीच्या लग्नाशी याचा काडीचा संबंध नाही. तरी आई-मावशी-आजोळ अशा जवळच्या तिघांचौघांना फुप्फुसाचाच कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

भावाचं निम्मं बरोबर आहे. पोथीतलं अक्षर बदलणं वेगळं, आणि कुठलं पान किती मोठ्याने वाचलं जातं ते वेगळं. पहिलं म्युटेशन, दुसऱ्याला जीनची अभिव्यक्ती म्हणतात. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरीन अक्षरच खराब करतं. बारीक धुळीचं, म्हणजे पीएम २.५ चं, मुख्य काम दुसरं असावं, असं लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. २९५ जणांच्या फुप्फुसातली कॅन्सर नसलेली ऊती त्यांनी तपासली. १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचे बिघाड आधीच बसलेले होते, ५३ टक्क्यांत केआरएएस या कॅन्सरशी निगडित दुसऱ्या जीनचे. निवांतराव, तुमचं उत्तर इथे आहे. वय वाढतं तशा अशा पेशी जमतात आणि बहुतेकांच्या जन्मभर झोपून राहतात.

धूळ आत गेली की मॅक्रोफेज, म्हणजे फुप्फुसातले सफाई कामगार, ती गिळतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा दाहाचा निरोप सोडतात. तो ऐकून पेशींमधल्या काही जीनांचा आवाज चढतो, काहींचा बसतो, आणि एरवी गप्प असलेली पेशी नव्याने वाढू लागते. तिच्यात ईजीएफआरचा बिघाड आधीच असेल तर तिथून गाठ. उंदरांमध्ये तो निरोप अँटिबॉडीने अडवला तर गाठी कमी झाल्या. माणसांमध्ये इंग्लंड, तैवान, दक्षिण कोरिया आणि कॅनडातले ईजीएफआरचे ३२,९५७ रुग्ण मोजले, तर पीएम २.५ जास्त तिथे हा कॅन्सरही जास्त. आपल्याकडे पीएम २.५ च्या वर्षाच्या सरासरीची कायद्याची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. तरी एकट्या आईचा कॅन्सर हवेनेच झाला असं स्लाइड बघून कुणी सांगू शकत नाही. हवेचा काही संबंधच नाही, असंही म्हणता येत नाही.

निवांत_गडी
मग तो निरोप अडवायचं इंजेक्शनच का देत नाहीत?

मेणाचा_ब्लॉक
कॅनाकिनुमॅब. हृदयविकाराच्या १०,०६१ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने फुप्फुसाचा कॅन्सर कमी झालेला दिसला, २०१७ साली. पण कॅन्सर झालेल्यांना उपचार म्हणून दिलं तेव्हा मोठ्या चाचण्या फसल्या. वणवा पेटल्यावर काडेपेटी लपवून काय होणार? ताईंच्या आईंना गोळीच बरी.

वडाळ्याची_लेक
गोळीचा आज बारावा दिवस. खोकला निम्म्यावर आलाय, काल स्वतः भाकरी थापली. चेहऱ्यावर मुरमांसारखं उठलंय, नखांच्या कडा दुखतात. मामाला तुमचा परिच्छेद वाचून दाखवला. तो म्हणाला, “मग आधी का नाही सांगितलं?” जसं काही मी लपवलं होतं.

चुलीचं राहिलं. आई अजून म्हणते, चुलीची चव गॅसला नाही.

मेणाचा_ब्लॉक
लाकडाच्या घरगुती धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलंय. बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ पासून सरळ ‘कर्करोगकारक’ म्हणतात, ‘बहुधा’सुद्धा लावत नाहीत. आईंना दोन्ही मिळालंय.

पुरळ आणि नखं या गोळीत येतातच, पण डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद करू नका. आणि बायोप्सीचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. पुढे गोळी चालेनाशी झाली तर गाठीत टी७९०एमसारखा नवा बदल आलाय का ते बघावं लागतं. तेव्हा रक्तातून किंवा नव्या तुकड्यातून तपासतात, पण जुना ब्लॉक जवळ असला तर ताडून बघता येतो.

वडाळ्याची_लेक
उद्याच जाते. काचेच्या स्लाइडपण देतात का?

मेणाचा_ब्लॉक
देतात. पावती नेल्याशिवाय देणार नाहीत. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण आहे.