जुन्या जिप्सीत आधी काय करावं

भाऊ, जिप्सीला आधी ३ इंच लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं) नि ३१ इंची टायर टाका म्हणताय, ते मला नाही पटत. लिफ्टनं बॉडी वर जाते, डिफ (अ‍ॅक्सलमधला डिफरेन्शियलचा गोळा) तिथंच राहतो, तो वर जातो फक्त मोठ्या टायरनं, आणि कंपनीच्या २०५/७० आर१५ वरून थेट ३१ वर गेलात की गिअरिंग इतकं लांब होतं, म्हणजे चाकाला ओढ इतकी कमी मिळते, की १३०० सीसीचं इंजिन चढावर लो रेंजमध्येपण (फोर बाय फोरचे हळू, जास्त ओढीचे गिअर) धापा टाकतं. आमच्या इंदूरकडे पावसाळ्यात महूच्या पुढे चोरलकडं गेलात तर खरा त्रास काळ्या मातीचा, टायरच्या खाचा भरल्या की संपलं, तिथं थोडेसेच मोठे पण चांगले मड टायर नि हवा १८-२० पीएसआयवर आणणं जास्त कामाचं (डांबरावर आलात की परत भरा मात्र!). आणि अ‍ॅक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोंडं) पाइप लावून वर इंजिनबेपर्यंत न्याच, गरम डिफ नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते नि सीलमधून पाणी ओढलं जातं, मग ड्रेन प्लग उघडला की दुधाच्या चहासारखं ऑइल. लॉकरचं (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफ-लॉक) नंतर बघा. बॉडी-चेसिसला हात लावायच्या आधी आरटीओत विचारा, गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.