तबकडीआधी यंत्र पाहावे

१९३८ चे म्हणून सांगितलेले एक ओमेगा (स्विस कंपनी) मनगटी घड्याळ तबकडी लखलखीत असल्यामुळे अस्सलच आहे, असा निष्कर्ष एकाने काढला आहे; तो मला घाईचा वाटतो. आधी मागचे झाकण उघडून यंत्रावर कोरलेले कॅलिबरचे, म्हणजे यंत्राच्या प्रकाराचे, नाव वाचावे. तेथे ‘३०टी२’ आढळल्यास, हे ३० मिलिमीटरचे यंत्र १९३९ मध्ये आल्यामुळे, सांगितलेले साल टिकत नाही. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील, ट्रिटियम या अंधारात चमकण्यासाठी वापरलेल्या किरणोत्सर्गी पदार्थाची तबकडी आहे. जुन्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांवर अक्षरे जाड आणि मिनिटांच्या रेषा असमान दिसतात. त्यापेक्षा डागाळलेली मूळ तबकडी मला कितीतरी मोलाची वाटते. युद्धपूर्व काळातील अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर रेडियम हा घातक किरणोत्सर्गी पदार्थ असतो, म्हणून ते कृपया खरवडू नयेत.