एमएसकॉन्फिगमधला प्रोसेसरचा आकडा
‘एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होतानाची सेटिंग बदलायचे साधन) बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन प्रोसेसरचा आकडा ४ करा, मशीन पळायला लागेल’ असा सल्ला या चर्चेत कुणी दिलाय, तो पटला नाही. तिथला आकडा कमाल मर्यादेचा असतो. त्या आकड्याच्या चौकटीत टिक नसेल तर विंडोज आपणहून सगळे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) वापरते. टिक करून ४ ठेवलेत आणि मशीन ८ लॉजिकल प्रोसेसरचे (विंडोज जेवढे प्रोसेसर मोजते तेवढे) असेल, तर उरलेले ४ बसूनच राहणार. ड्रायव्हर तपासणाऱ्यांसाठीची सोय आहे ती, यूट्यूबवाल्यांनी उगाच डोक्यावर घेतलीय. टिक काढून रीस्टार्ट करा.

चर्चेत सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसरची चिप बसते त्या जागेचा, विषय कुणी काढलेला दिसला नाही. विंडोज १० होम एकच सॉकेट वापरते, प्रो दोन. कोअरचा हिशोब वेगळा. लिनक्सवर केव्हीएममध्ये (एका मशीनमध्ये दुसरे आभासी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) विंडोज होम टाकले होते, ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) देऊनही टास्क मॅनेजरमध्ये एकच दिसे. कारण ते ४ सॉकेट गुणिले १ कोअर असे दिले गेले होते. टोपॉलॉजी (सॉकेट आणि कोअरची मांडणी) १ सॉकेट, ४ कोअर केल्यावर चारही दिसले. व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी आधी हेच बघावे.