मदत हवी आहे: गल्लीच्या वार्ताफलकासाठी पालिकेच्या बातम्या वेळेत कशा मिळवायच्या?

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. तीसेक वर्षं तो एकच गृहस्थ लिहीत होते, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सकाळी दूध घेऊन परतताना खडूने चार-पाच ओळी लिहायच्या: पाणी किती वाजता, कुठली लाइन बंद, लसीकरण कधी, मंडळाची बैठक कधी, कोण गेलं. यंदा संक्रांतीनंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि खडूची डबी त्यांनी माझ्याकडे दिली. तेव्हापासून फळा मी लिहिते.

कार्यक्रमांच्या बातम्या आपणहून चालत येतात. हळदीकुंकू, रक्तदान, भजनी मंडळ, मुलांच्या स्पर्धा, कुणीतरी घरी येऊन सांगून जातं. पाण्याचं आमचे चावीवाले दादा सांगतात, त्यांच्याइतकी खात्रीची खबर कुणाकडेच नसते. अडतं ते पालिकेच्या बाकी बातम्यांपाशी. त्या एकतर येत नाहीत, नाहीतर वेळ गेल्यावर येतात.

हा धागा काढण्याचं कारण सांगते. आमच्याकडे एक छोटं मैदान आहे, आम्ही त्याला तालमीचं पटांगण म्हणतो. तालीम कधीच गेली, नाव राहिलं. मुलं तिथे खेळतात, गणपतीचा मांडव तिथे पडतो, पोलिओचा बूथ तिथे लागतो. गेल्या वर्षी एक दिवस तिथे टेप घेऊन माणसं मोजणीला आली. विचारलं तर कळलं, खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलायचा प्रस्ताव आहे आणि हरकतींची एक महिन्याची मुदत संपून आठवडा झाला. सूचना वर्तमानपत्रात आली होती म्हणे. आम्ही शोधून काढली. आली होती खरंच. पण त्यात पटांगण हा शब्दच नव्हता. सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक आणि क्षेत्रफळ. आमच्या गल्लीतल्या दोघांकडे तो अंक होता आणि दोघांनीही ते पान उलटलं होतं.

आम्ही रातोरात एकशे चौदा सह्या गोळा केल्या. कार्यालयाने अर्ज घेतला, पोचही दिली. पोचेवर शिक्क्याखाली हाताने लिहिलंय, "मुदतीनंतर प्राप्त". तो कागद मी जपून ठेवलाय. अण्णा त्या दिवशी फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. "मी लिहायला हवं होतं," एवढंच म्हणाले. त्यांचा काय दोष?

आता १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर आमच्याकडे पुन्हा नगरसेवक आलेत, एका प्रभागात चार. चौघांचे चार व्हॉट्सॲप ग्रुप. एकाच रस्त्याच्या डांबरीकरणाचा फोटो चारही ग्रुपवर येतो, पण रस्ता किती दिवस बंद राहणार हे एकाही ग्रुपवर नसतं. पालिकेच्या संकेतस्थळावरच्या बऱ्याच फाइली स्कॅन केलेल्या आहेत, त्यांत शब्द शोधता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सभेत काय येणार आहे ते आधी कळायची वाट कुठली? कार्यालयात नेमकं कुणाकडे जायचं? आणि फळा कुठल्या पक्षाचा वाटू नये म्हणून काय पाळायचं? मी पूर्णवेळ नोकरी करते, आठवड्याला दोन-तीन तास काढू शकते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उत्तरं महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेला लागू पडतील अशी चालतील.

प्रतिसाद १

ताई, मी नगरसचिव कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो. तुम्ही नोटिशीच्या मागे धावताय, पण नोटीस ही पहिली बातमी नसते. आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल होतो. साधारणपणे आधी विषय सर्वसाधारण सभेपुढे येतो, ठराव होतो, मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना निघते, हरकतींना एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि शेवटी प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. सभेची कार्यपत्रिका वाचलीत तर बातमी नोटिशीच्या कितीतरी आधी हाती लागते. कार्यपत्रिका नगरसचिव कार्यालयातून निघते, नगरसेवकांना घरपोच जाते. चौघांपैकी ज्यांचं घर जवळ असेल त्यांच्याकडून दर महिन्याला झेरॉक्स मागा. विषय कितीही असोत, आपल्या प्रभागाचे त्यात दोन-तीनच असतात, अर्ध्या तासाचं काम आहे. सभा झाल्यावर इतिवृत्तही बघत जा. विषय तहकूब झाला की मंजूर, ते तिथेच कळतं, ग्रुपवर नाही.

दुसरं, तुमच्या पटांगणाचं. शासनाची अंतिम मंजुरी झाली आहे का, ते आधी विचारा. झाली नसेल तर त्या सह्या घेऊन नगरविकास विभागाला लिहा. मुदतीचा शिक्का सुनावणीपुरता अडवतो, शासनाला पत्र लिहायला कुणी अडवत नाही.

प्रतिसाद २

सोमवार धरा. राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे: जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता यावेत. पुण्यात महापालिकेने हे त्याच्या बरंच आधी सुरू केलं होतं. कामाचे आदेश, मोजमाप पुस्तक, रस्ता खोदाईच्या परवानग्या, सगळं समोर बसून वाचता येतं. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी जा.

लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. अर्जाला तीस दिवस लागतात आणि तीस दिवसांनी बातमी शिळी झालेली असते. अर्ज ठेवा तो नाकारलं तर. तेव्हा १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "का केलं" असं विचारू नका, "अमुक कागदाची प्रत द्या" असं लिहा. कारण विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चं एक वाक्य पाठ करून ठेवा. माहिती लोकांपर्यंत पोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात चालणारं परिणामकारक साधन लक्षात घ्यायचं, असं कायदाच सांगतो. तुमचा फळा हे तसंच साधन आहे. प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना पत्र द्या की आमच्याकडे वार्ताफलक आहे, नोटिशींची एक प्रत आम्हाला पाठवत जा. पोच घ्या. पाठवतीलच असं नाही, पण पुढच्या वेळी "लोकांना कळवलं होतं" म्हणायला त्यांना जड जाईल.

प्रतिसाद ३

मी नगररचनेत आरेखक होतो. ताईंच्या धाग्यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे ते दोघे, ज्यांनी पान उलटलं. बातमी त्यांच्या हातात होती. ती ओळखता आली नाही, कारण नोटिशीत आकडे असतात आणि माणसांच्या तोंडी नावं असतात.

आधी एक वही करा. नगररचना विभागातून तुमच्या भागाचा भाग नकाशा घ्या, फी भरून मिळतो. त्यावर विकास आराखड्यातले रस्ते, आरक्षणं आणि त्यांचे क्रमांक असतात. मग वहीच्या एका बाजूला नकाशातला नंबर आणि समोर वस्तीतलं नाव: तालमीचं पटांगण, जुनी विहीर, भाजीवाल्यांची बोळ, जे असेल ते. एकदा केलंत की कुठलीही नोटीस आली तरी दोन मिनिटांत कळेल, आपली आहे की नाही. आणि फळ्यावर लिहिताना नंबर लिहू नका, नाव लिहा. शेवटची तारीख सगळ्यात मोठ्या अक्षरात.

रस्त्यांचंही तेच. नोटिशीत "१२ मीटर विकास आराखडा रस्ता" असतं, तो तुमच्या दारातला असू शकतो.

प्रतिसाद ४

आम्ही चाळीत अकरा वर्षं फळा चालवतोय, आमचे नियम सांगते. बातमीखाली ती कुठून आली ते लिहायचं: "प्रभाग कार्यालय सूचना", "चावीवाले", "मंडळ". फॉरवर्ड आलेलं काहीही कार्यालयात फोन करून विचारल्याशिवाय लिहायचं नाही. "अमुक यांच्या प्रयत्नाने" ही ओळ कुणाचीच लिहायची नाही, अगदी आपल्या आवडत्या माणसाचीही. काम, ठिकाण, तारीख, बस. चुकलं तर पुसून टाकायचं नाही, "काल लिहिलेली वेळ चुकीची होती" असं दुसऱ्या दिवशी लिहायचं. आमच्यावर विश्वास बसला तो या शेवटच्या नियमामुळे.

कागद चिकटवायचे असतील तर खांबांवर आणि सरकारी भिंतींवर नको. मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, कुणी तक्रार केली तर तुम्हीच अडकाल. सोसायट्यांच्या सूचना फलकांवर परवानगीने लावा.

आणि सभेला माणसं येत नाहीत म्हणून रागावू नका. आम्ही हळदीकुंकवातच दहा मिनिटं पालिकेच्या बातम्या वाचतो. साठ बायका एका जागी असतात, कुठल्या सभेला साठ येतात? गेल्या वर्षी ड्रेनेजच्या लाइनीची बातमी तिथेच सांगितली आणि सात जणी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्या.

प्रतिसाद ५

झाडावरचा कागद वाचत चला. झाड तोडायची परवानगी मागितली की झाडावर नोटीस लावावी लागते, १९७५ च्या झाडांच्या कायद्यात आहे. ही एक बातमी स्वतः गल्लीत येऊन थांबते, आणि आपण तिच्याखालून जातो.

प्रतिसाद ६

क्षेत्रसभेचं कुणी बोललं नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद तेव्हापासूनची. त्याच्याही खाली, मतदान केंद्रांच्या पातळीवर, मतदारांची क्षेत्रसभा घ्यायची तरतूद महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात नंतर आली. आमच्या शहरात मी तरी एकही भरलेली पाहिली नाही. नवे नगरसेवक आलेत, आत्ताच लेखी मागणी करा. पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात, तसं काही तुमच्याकडे आहे का तेही विचारा. असेल तर अर्जाची मुदत फळ्यावर आलीच पाहिजे.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सोमवार होता, अर्धा दिवस रजा टाकून गेले. पहिल्या टेबलावर "असं काही नसतं" म्हणाले. मी शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवली. दहा मिनिटांनी एका बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि नोटिशींची फाइल काढून दिली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, स्वतःहून सांगितलं की पटांगणाचा प्रस्ताव अजून शासनाकडेच आहे, मंजुरी आलेली नाही. प्रतिसाद १ वाले काका, पत्राचा मसुदा आज रात्री इथेच टाकते, कृपया बघा.

भाग नकाशा घेऊन संध्याकाळी अण्णांकडे गेले. नवा चष्मा लावून ते दीड तास बसले. मी नंबर वाचायचा आणि त्यांनी नाव सांगायचं. जिथे आता पार्किंग आहे तिथे धोबीघाट होता, शाळेमागची मोकळी जागा दवाखान्यासाठी राखीव आहे, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. सव्वीस जागा वहीत उतरल्या.

शाळेमागच्या त्याच जागेबद्दल एक विचारायचं आहे. नकाशावर तिथे आरक्षणाच्या क्रमांकाजवळ "ई. पी." आणि एक आकडा आहे. अण्णांनाही सांगता येईना. याचा अर्थ काय?

प्रतिसाद ३

ई. पी. म्हणजे "एक्सक्लुडेड पार्ट", वगळलेला भाग. शासनाने विकास आराखडा मंजूर केला तेव्हा तेवढा तुकडा बाजूला ठेवला, कारण त्यात मोठा बदल सुचवला होता. अशा भागासाठी पुन्हा सूचना निघते, पुन्हा एक महिना हरकती मागवतात, मग वेगळी अधिसूचना होते. ती झाली आहे का ते राजपत्रात बघा. झाली नसेल तर दवाखान्याचं अजून ठरायचं आहे.

धागालेखिका

म्हणजे या वेळी आपल्याला आधी कळलंय. उद्या सकाळी फळ्यावर लिहिते: "शाळेमागची जागा, दवाखाना. ज्यांना माहिती असेल त्यांनी वाचनालयात यावं, संध्याकाळी ७." राजपत्र बघायला पुढच्या सोमवारी कुणी सोबत येईल का, तेही त्याच्याखाली लिहिते.