रुबी: कॉन्फिगमधला बदल परत यामल फाइलमध्ये कसा लिहायचा?

धागा_३१ (प्रश्न)
रुबी ३.२. यामल (सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) फाइलमधल्या सेटिंग्ज यामल.लोड_फाइलने वाचून ओपनस्ट्रक्टमध्ये (कॉन्फिग.पोर्ट असं टिंबाने वाचता येणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) घातल्या आहेत. कॉन्फिग.पोर्ट = ९२९२ केलं की चालू प्रोग्रॅममध्ये ९२९२ दिसतो, पुन्हा सुरू केला की जुना ८०८०. म्हणून कॉन्फिग.टू_यामलने यामल मजकूर बनवून तो फाइल.राइटने लिहून पाहिला. आता फाइल लोडच होत नाही, साइक::डिसअलाउडक्लास असा एरर येतो. शिवाय फाइलमधल्या सगळ्या कॉमेंट्स गेल्या.

अर्धविराम
लोड_फाइल फाइल एकदा वाचून साधा हॅश (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा संच) देते. पुढे त्या हॅशचा फाइलशी काहीही संबंध उरत नाही, त्यामुळे लिहिणं आपणच करायचं.

एररसाठी फाइलची पहिली ओळ बघा. तिथे '!रुबी/ऑब्जेक्ट:ओपनस्ट्रक्ट' असा टॅग आला असेल. रुबी ३.१ पासून, म्हणजे साइक (रुबीची यामल लायब्ररी) ४ पासून, लोड असे क्लास नाकारतं, आणि ते योग्यच आहे. एरर घालवायला अनसेफ_लोड (कुठलाही क्लास स्वीकारणारं लोड) वापरू नका.

टू_एचने ओपनस्ट्रक्टचा हॅश करून तो डंप केलात (यामल म्हणून लिहिलात) तर दुसरी अडचण येते: कीज स्ट्रिंगऐवजी सिंबॉल (रुबीतली ':पोर्ट' अशी नावं) होतात, फाइलमध्ये 'पोर्ट:' च्या जागी ':पोर्ट:' उमटतं, आणि स्ट्रिंग कीने वाचणाऱ्या कोडला निल (काहीच नाही) मिळतं. ओपनस्ट्रक्ट सोडा. मूळ हॅश जवळ ठेवा, त्यातच कॉन्फिग['पोर्ट'] = ९२९२ करा आणि तोच डंप करा.

स्वल्प_ओळ
हॅश डंप केला तरी कॉमेंट्स टिकणार नाहीत, कारण पार्सर त्या हॅशपर्यंत पोचवतच नाही. कीजचा क्रम तेवढा टिकतो.

याहून मोठा धोका ईआरबीचा (फाइलमध्ये रुबी कोड घालून लोडआधी तो चालवण्याची सोय). त्यातून पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमधून (सिस्टिमने प्रोग्रॅमला दिलेल्या व्हेरिएबल्समधून) घेत असाल, तर लोड झालेल्या हॅशमध्ये खरा पासवर्ड असतो. पूर्ण हॅश परत लिहिला की तो उघडा फाइलमध्ये जातो आणि तिथून गिटमध्ये.

माझं ठाम मत: माणसाने लिहिलेली फाइल प्रोग्रॅमने लिहू नये. डीफॉल्ट्स एका फाइलमध्ये ठेवा, ती फक्त वाचा. बदललेल्या कीज तेवढ्या दुसऱ्या, गिटइग्नोरमध्ये टाकलेल्या (गिट जिच्याकडे दुर्लक्ष करतं अशा) फाइलमध्ये लिहा. सुरुवातीला दोन्ही वाचून मर्ज करा. मर्ज एकाच पातळीवर चालतं हे ध्यानात ठेवा: दुसऱ्या फाइलच्या 'डेटाबेस' खाली फक्त 'होस्ट' असेल, तर डीफॉल्टमधले 'पूल' आणि 'टाइमआउट' उडून जातील. मर्जला ब्लॉक द्या आणि दोन्ही बाजूंना हॅश असेल तर आत पुन्हा तेच करा.

धागा_३१
दोन फाइल्सचं पटलं. लिहिताना प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर?

अर्धविराम
फाइल.राइट आधी फाइल रिकामी करतं, मग लिहितं. नेमकं त्यामध्ये बंद पडलं तर हाती रिकामी फाइल उरते. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल बनवा, तिच्यात लिहा, एफसिंक करा (डेटा खरोखर डिस्कवर पोचवा), बंद करा, मग फाइल.रिनेमने मूळ नावावर आणा. फोल्डर तोच हवा. टेंप फोल्डर वेगळ्या फाइलसिस्टिमवर असेल तर रिनेम एर्नो::एक्सडेव्ह देऊन थांबतं.

टेंपफाइल ०६०० परवानगीने (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) बनते. जुन्या फाइलचा मोड (परवानगी) फाइल.स्टॅटने घेऊन रिनेमआधी सीएचमॉडने तोच नव्या फाइलला द्या, नाहीतर दुसऱ्या युजरखाली चालणाऱ्या सर्व्हिसला फाइल वाचता येणार नाही. पाथ सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असेल तर आधी फाइल.रिअलपाथने खरा पाथ घ्या, रिनेम लिंकलाच पुसून टाकतं.

स्वल्प_ओळ
दोन प्रोसेस लिहिणार असतील तर रिनेम पुरत नाही. दोघी जुनं वाचतात, दोघी लिहितात, आणि पहिलीचा बदल जातो. वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत एकच लॉक हवा. एफलॉक (फाइलवर लॉक लावणारी मेथड) वापरणार असाल तर तो वेगळ्या लॉक फाइलवर लावा, कारण रिनेमनंतर मूळ नावाखाली दुसरीच फाइल असते.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर रुबीतलाच यामल::स्टोअर घ्या. ट्रान्झॅक्शनच्या ब्लॉकमध्ये स्टोअर['पोर्ट'] = ९२९२ करा. लॉक तो लावतो, आत एरर आला तर फाइल जुनीच राहते. अल्ट्रा_सेफ = ट्रू केलं की लिहिणंही तात्पुरत्या फाइलमधून रिनेमने होतं.