टॉस मागे पोचत नाही, कोपर दुखतं : हातात ताकद कशी आणावी?

रामबाग_शटल :
नमस्कार मंडळी. इंदूरलाच, रामबागेत राहतो. वय २४, वजन ६० किलो, आठवड्यातून ४ संध्याकाळी बॅडमिंटनचे डबल्स खेळतो. मागच्या रेषेवरून मारलेला टॉस (समोरच्या मागच्या रेषेपर्यंत जायला हवा तो उंच फटका) समोरच्या कोर्टाच्या मध्यावरच पडतो आणि त्यांना आयता स्मॅश मिळतो. बॅकहँडचं तर विचारूच नका. घरी ५ किलोचे २ डंबेल आणि एक रबर बँड आहे, जिम जमणार नाही. रोज बायसेप्स कर्ल आणि मनगटाचे कर्ल करतो. दंड थोडा भरलाय, पण फटका तसाच, आणि सकाळी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणकतं. रॅकेट फोर-यू (वजनाचा गट), गटिंग म्हणजे जाळीचा ताण २७ पाउंड, नायलॉन शटल. काय सुरू करू, काय बंद करू?

कोर्टकडेचा_कोच :
तुमची रॅकेट ८० ते ८४ ग्रॅमची, शटल जेमतेम ५ ग्रॅमचं. इथे वजन उचलायचं नसतं, वेग द्यायचा असतो. टॉस किंवा स्मॅशचा जोर पाय, कंबर आणि पाठीतून वर येतो, मग खांदा आतल्या बाजूला फिरतो आणि शेवटी कोपराखालचा हात वळतो. यात बायसेप्सचं काम फार थोडं. म्हणून दंड भरूनही टॉस तिथल्या तिथेच राहिला.

आठवड्यातून २ दिवस पुरे, मध्ये किमान ४८ तास मोकळे सोडा. पुश-अप ८ ते १२, ३ सेट. पाठीसाठी एका हाताने रो : डंबेल ५ किलोचा कमी पडेल, म्हणून पाठीवरच्या पिशवीत १० किलो पुस्तकं भरा, दुसरा हात खुर्चीवर टेकवा आणि पिशवी कमरेकडे ओढा. १० वेळा, ३ सेट. डोक्यावर डंबेल प्रेस १० वेळा, ३ सेट. तिन्ही सेटमध्ये १२ सहज होऊ लागले की पिशवीत १-२ किलो वाढवा. पुश-अपला पाय पलंगावर ठेवा. वजन न वाढवता नुसते आकडे वाढवत नेले तर दम जास्त वाढेल, ताकद कमी.

बँड खांद्यासाठी ठेवा. तो खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा, कोपर बरगडीला लावून मध्ये टॉवेलची घडी दाबा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. १५ वेळा, ३ सेट. टॉवेल पडला तर कोपर सुटलं असं समजा. फटक्यानंतर हाताला ब्रेक लावतात ते हे मागचे छोटे स्नायू. बहुतेक जण छातीचा व्यायाम करतात, हा सोडतात आणि पुढे खांदा धरतो.

आता खरा मुद्दा, हाताचं वळणं. लोहामंडीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात लाकडी दांड्याचा १ किलोचा हातोडा घ्या. खुर्चीवर बसा, हात मांडीवर टेकवा, मनगट गुडघ्याच्या पुढे, हातोड्याचं डोकं वर. ३ सेकंद घेत आत वळवा, तळवा जमिनीकडे येईपर्यंत. ३ सेकंदांत परत उभा. मग तसाच बाहेर, तळवा वर येईपर्यंत. हे १ झालं. असे १०, २ सेट, दोन्ही हातांनी. जड वाटलं तर पकड दोन बोटं डोक्याकडे सरकवा, हलकं वाटलं तर टोकाकडे. वजन बदलावं लागत नाही. चूक हमखास एकच होते : कोपर मांडीवरून उठतं आणि खांदाच फिरतो. मनगटही वाकवू नका, ते सरळच हवं. आत वळण्याची ताकद फोरहँडला लागते, बाहेर वळण्याची बॅकहँडला.

रॅकेटला वजन बांधून फटके मारू नका, टायमिंग बिघडतं. त्यापेक्षा रॅकेटच्या डोक्यापुरतं कव्हर चढवून शॅडो स्विंग, म्हणजे शटलशिवाय नुसते फटके, करा, २० चे ३ सेट. हवेचा अडथळा पुरेसा होतो.

फिजिओ_पलासिया :
कोचसाहेबांचा हातोडा बरोबरच आहे, पण तुमच्यासाठी तो आज नाही. आधी कोपर. हात सरळ ठेवून तळवा खाली करा, दुसऱ्या हाताने मधलं बोट खाली दाबा आणि ते वर उचलायचा प्रयत्न करा. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ नेमकी तीच कळ आली, तर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची तिथली शिर (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग, टेंडन; रक्तवाहिनी नव्हे) दुखावली असण्याची शक्यता बरीच आहे. ‘टेनिस एल्बो’ म्हणतात ते हेच.

मनगटाचे कर्ल बंद. १ लिटरची भरलेली बाटली म्हणजे १ किलो. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट सरळ, बाटली धरून ३० ते ४५ सेकंद स्थिर. असं ५ वेळा, मध्ये १ मिनिट विश्रांती, दिवसाआड. ठणका कमी झाला की मनगट दुसऱ्या हाताने वर न्या आणि ४-५ सेकंद घेत खाली सोडा, १२ चे ३ सेट. करताना १० पैकी ३ पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको. वाढलं तर बाटली अर्धी करा. या शिरा स्नायूंपेक्षा सावकाश सुधारतात, त्यामुळे आठवड्यात हिशोब मांडू नका. बोटांना मुंग्या येत असतील, चहाचा कप उचलवत नसेल किंवा रात्री निजल्यावरही दुखत असेल, तर ऑर्थोपेडिककडे दाखवा.

आणि २७ पाउंड उतरवा! जास्त टेन्शनला रॅकेटचा नेमका मधला भागच साथ देतो. जरा बाजूला लागलं की झटका थेट कोपरात. २३ करा. जाळी जास्त दबते, शटल जास्त उसळतं, टॉस तेवढ्यानेच थोडा लांब जाईल. रॅली चालू असताना मूठ सैल ठेवा, तळवा आणि दांड्यामध्ये थोडी फट राहू द्या. आवळायची फक्त शटल लागताना. ग्रिप घामाने गुळगुळीत झाली की माणूस नकळत करकचून धरतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओव्हरग्रिप (दांड्यावर गुंडाळायची वरची पट्टी) लवकर बदला, नाहीतर टॉवेल ग्रिप लावा.

मालवी_डबा :
खाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. स्नायू भरायचा तर वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला ९५ ग्रॅमच्या आसपास. सकाळी पोहे-शेव-जिलबी खाऊन त्यात नावापुरतीच भर पडते. पोहे सोडा असं इंदूरकराला कोण सांगणार, पण सोबत २ उकडलेली अंडी (१२ ग्रॅम) किंवा पाव लिटर दूध (८) घ्या. सोयाबीन तर आपल्या माळव्याचंच पीक, तरी वड्या घरात क्वचित शिजतात. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅम मिळतात. पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८. दोन्ही वेळची डाळ मिळून १४, फुटाणे ५० ग्रॅम म्हणजे १०, बाकी पोळ्या भरून काढतात. एकाच जेवणात सगळं कोंबू नका, ४ वेळांत वाटा.

रामबाग_शटल :
मनापासून आभार सगळ्यांचे. बोट दाबल्यावर कळ नेमकी तिथेच येते. दोन शंका : कोपर बरं होईपर्यंत खेळ बंद ठेवू का? आणि जवळच्या आखाड्यात मुद्गल आहेत, ते फिरवले तर?

फिजिओ_पलासिया :
पूर्ण बंद नको. ४ ऐवजी २ संध्याकाळी खेळा, बॅकहँडचा टॉस आणि जोराचे स्मॅश टाळा. नेटजवळचा खेळ आणि ड्रॉप (नेटपलीकडे हलकेच टाकलेला फटका) यांवर भर द्या.

कोर्टकडेचा_कोच :
मुद्गल खांद्याला फार चांगले, पण टोकाला वजन असल्यामुळे मूठ घट्ट धरावीच लागते, म्हणून कोपर शांत झाल्यावरच. सुरुवात २-३ किलोच्या मुद्गलाने, दोन्ही हातांनी एकच धरून, डोक्यामागून ८-८ फेऱ्या. कंबर मागे झुकू लागली की थांबा. व्यायाम आणि खेळ एकाच दिवशी आले तर आधी खेळ, नंतर व्यायाम. थकलेल्या खांद्याने स्मॅश मारू नका.